रिकामी फेरी

लोरेटा कुबियाकला जाहिरातींचा मनापासून तिटकारा होता, आणि तिची एकतीस वर्षं जाहिरातींच्या तळाशी छापलेल्या एका बारीक ओळीत गेली. 'स्वतंत्र प्रयोगशाळेतील चाचणीवर आधारित', ही ती ओळ. कुणी वाचू नये अशाच बेताने ती छापलेली असते. पण ती खरी असावी लागते, नाहीतर समोरची कंपनी दुसऱ्या दिवशी वकील घेऊन दारात उभी. ती खरी ठेवायचं काम सॅन लिआंड्रोला आमच्या प्रूएट टेस्टिंगमध्ये चालायचं. एका बाजूला मोटारींचे गिअर दुरुस्त करणारं गॅरेज, दुसऱ्या बाजूला टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचा, कारखाना आणि मधे आम्ही. संध्याकाळी घरी गेलो की कपड्यांना भाजलेल्या मक्याचा वास यायचा.

लोरेटा मूळची स्टॉकटनची. आई पीच डब्यात भरायच्या कारखान्यात, त्यामुळे पट्ट्यावरून मिनिटाला किती डबे जातात हे पोरीला शाळेत जायच्या आधीच माहीत. एकोणीसशे चौसष्ट साली ती प्रूएटकडे लागली ती सूप किती वेळात उकळतं ते मोजायला. मग इस्त्र्या आल्या, ओव्हन आले, फरशीचं पॉलिश आलं, सांडलेलं दूध पिणारे कागदी टॉवेल आले. नवरा स्टॅन गोदीत वेल्डर होता, तो अठ्ठ्याऐंशीला गेला. मुलगी रीनोला. घरी एक लिंबाचं झाड आणि टाइपरायटर. कॉम्प्युटर मात्र तिने घरात कधी घेतला नाही. "दिवसभर त्याचं तोंड बघते, पुन्हा घरी कशाला?" असं म्हणायची.

मी रसेल ओकाडा, हेवर्डचा. कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट टाकून चोविसाव्या वर्षी तिच्या हाताखाली आलो. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवलं.

"हे काय आहे?"

"घड्याळ," मी म्हणालो.

"नाही. ही शपथ आहे. खाली पाडलंस तर नवीन मिळेल. खोटं दाबलंस तर मात्र मी तुला इथे दिसू देणार नाही. चल, डोनट खा."

आमच्याकडे पद्धत अशी, की मोजणारी माणसं दोन, घड्याळं दोन. मोजून झालं की एकमेकांकडे पाठ करायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दोघांत सेकंदाच्या दोन दशांशांहून जास्त फरक पडला तर ती फेरी बाद. आणि सगळ्याच्या आधी एक रिकामी फेरी. म्हणजे ओव्हन एकदा नुसताच तापवायचा, इस्त्री एकदा जुन्या चादरीवरून फिरवायची आणि मगच घड्याळ हातात घ्यायचं. ही फेरी कुणी मोजत नसे, त्यामुळे कुणी लिहूनही ठेवत नसे. तीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

पंच्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे दहा कॉम्प्युटर आले. दहाही एकाच कारखान्याचे, अगदी सारखे. फरक इतकाच, की पाचांत हार्बर नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली आणि पाचांत ओरिओल. या दोन कंपन्यांचं हाडवैर तेव्हा आमच्या भागात घराघरांत पोचलं होतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की तो आधी विचारायचा, "तुम्ही कुठले, हार्बरवाले का ओरिओलवाले?" आणि उत्तर ऐकून कात्री चालवायचा. माझ्या मामाने तर ओरिओलच्या पायी सख्ख्या मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं. आता हसू येतं.

चाचणी साधी होती. पत्र उघडायचं, नाव भरायचं, छापायचं. कागद बाहेर पडला की घड्याळ थांबवायचं. प्रत्येक कॉम्प्युटरवर एकेकदाच. हार्बरची सरासरी एकतीस सेकंद आली, ओरिओलची सहासष्ट. लोरेटाने सही केली, तिच्याखाली मी केली आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. पुढचं काम कुत्र्याच्या बिस्किटांचं होतं.

मग ती जाहिरात आली. रविवारी फुटबॉलच्या मध्यंतरात निम्म्या देशाने ती पाहिली. एक माणूस ओरिओलवर पत्र छापायला देतो, उठतो, कॉफी करतो, सँडविच बनवतो, खातो, बशी धुतो, येऊन बघतो तर कागद अजून यायचाच आहे. शेजारची हार्बरवाली बाई तोवर कोट चढवून घरी निघालेली. "निम्म्याहून कमी वेळात. हार्बर." आणि खाली मुंगीएवढी आमची ओळ. ८८० फ्रीवेवर चार ठिकाणी होर्डिंग लागली.

ओरिओलवाले गप्प बसणारे नव्हते. तीन आठवड्यांत त्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या जाहिरातीत नुसता एक हात दिसायचा. सुरकुतलेला, गुलाबी नखांचा, बाईचा. त्या हातात स्टॉपवॉच, अंगठा बटण चाचपतोय आणि त्याला ते सापडतच नाहीये. वर मोठ्या अक्षरांत: "यांनी मोजलंय म्हणे."

लोरेटाची नखं गुलाबीच असायची. जाहिरात करणाऱ्यांना ते कुठून कळणार, त्यांनी आपली ठोकून दिली होती. पण चर्चच्या हॉलमध्ये बिंगोच्या टेबलावर तिच्या मैत्रिणींनी तिला सोडलं नाही. "काय गं लोरेटा, बटण सापडलं का?" ती त्यांच्याबरोबर हसली. दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा नखं कोरी होती. मी चिठ्ठ्या फाडत बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर त्या जाहिरातवाल्यांना शिव्याच दिल्या असत्या, आणि तिला शिव्या चालत नसत.

नोव्हेंबरमध्ये ओरिओलची रीतसर तक्रार आली, सोबत अकरा प्रश्न. सहांची उत्तरं लोरेटाने टाइपरायटरवर बसल्या बसल्या खडाखडा दिली. सातव्या प्रश्नावर तिचे हात थांबले. प्रश्न होता: मोजणीपूर्वी कॉम्प्युटरवर हेच काम एखाद्या वेळी करून पाहिलं होतं का? असल्यास दहाही कॉम्प्युटरवर केलं होतं का?

"रस," तिने हाक मारली, "त्या दिवशी भूकंप झाला होता बघ."

झाला होता. सकाळी नऊ वीसला, फार मोठा नव्हता. दिवे हलले, कपाटातल्या बरण्या वाजल्या. आम्ही नेहमीसारखे दाराच्या चौकटीत उभे राहिलो, मग बाहेर पार्किंगमध्ये आलो. मी आईला फोन करायला गेलो. टॉर्टियावाले पण बाहेर येऊन उभे होते, त्यांनी सगळ्यांना गरम टॉर्टिया वाटले. पाऊण तासाने आम्ही आत गेलो आणि कामाला लागलो.

"हार्बरच्या पाचांची रिकामी फेरी मी भूकंपाच्या आधी केली," लोरेटा म्हणाली. "हे मला लख्ख आठवतंय, पाचवा कागद बाहेर येताना जमीन हलली. पण आत आल्यावर ओरिओलची केली का?"

"केली असशीलच की."

"असशीलच नको. तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. रिकामी फेरी तिचं काम, मी तेव्हा चिठ्ठ्या फाडत बसायचो.

"बरं, केली नसेल तर फरक किती पडतो? ओव्हनला मिनिटभराचा पडतो. याला काय होणार, हा काय तापतो थोडाच?"

इथे मला माझं पाप सांगायलाच हवं. फरक पडतो हे मला माहीत होतं. अर्धवट का होईना, शिकलो होतो. ऑगस्टमध्येच तिला सांगायला हवं होतं की बाई गं, या यंत्राच्या बाबतीत ही फेरी फार जपून कर, लिहून ठेव. पण नवा होतो, तिच्यापुढे शहाणपणा दाखवायची भीती वाटली. आता तिच्या टेबलापाशी उभा राहून मी ते सगळं बोललो.

"हे बघ, पहिल्यांदा पत्र काढायचं म्हणजे यंत्राला कपाटं उघडावी लागतात. पीठ या कपाटात, साखर त्या कपाटात. दुसऱ्यांदा तेच काम दिलं की सगळं ओट्यावरच मांडलेलं असतं. लवकर होतं."

तिने टाइपरायटरवरचे हात मांडीवर घेतले.

"म्हणजे मी हार्बरला ओटा मांडून दिला, आणि ओरिओलला कदाचित दिलाच नाही."

"कदाचित."

"आणि हे तुला माहीत होतं."

"होतं."

"गाढवा," ती म्हणाली. एवढंच. शिव्या न चालणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आमचा मालक हारलन प्रूएट. याच्या बापाने लोरेटाला नोकरी दिली आणि लोरेटाने याला लंगोटात पाहिलेला, त्यामुळे तो तिच्याशी कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

"तू 'हो, दहाही' असं लिहून टाक ना! एकतीस वर्षं तू ती फेरी कधी चुकवली नाहीस. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला माहीत नाही हारलन. सही माझी आहे, गावाची नाही."

"लोरेटा, हार्बरवाले माझी चामडी सोलतील. जाहिरात बंद पडेल. उद्या बिस्किटवालेसुद्धा म्हणतील, यांच्या म्हातारीला आठवत नाही."

"म्हणू देत. म्हातारीला आठवत नाहीच आहे."

तिने सातव्या प्रश्नापुढे दोन शब्द टाइप केले: "आठवत नाही." खाली एक ओळ: "सर्वांच्या समोर पुन्हा मोजावे. मी हजर आहे." आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकून आली, कारण हारलनच्या टेबलावर ठेवलं असतं तर ते तिथेच राहिलं असतं.

हार्बरची जाहिरात त्याच आठवड्यात थांबली. फ्रीवेवरच्या होर्डिंगांवर पांढरे कागद चिकटले. कामावर जाता येता ते चार पांढरे चौकोन मी रोज मोजायचो. लोरेटा रोज वेळेवर यायची, काम करायची, साडेपाचला जायची. फक्त एकदा, कुत्र्याच्या बिस्किटांचं वजन करता करता म्हणाली, "रस, मी एक चुकवली असेल तर आधीच्या किती चुकवल्या असतील रे?" मी म्हणालो, एकही नाही. ती म्हणाली, "तुला कसं माहीत? तू तर काल आलास."

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला फेरमोजणी ठरली. बाहेर धुकं, आत दहा कॉम्प्युटर ओळीने. हार्बरच्या जाहिरात कंपनीचा, लांब केसांची शेंडी बांधलेला तरुण आला होता, ओरिओलचे एक वकील मिस्टर डंकर्ली आले होते, आणि ओरिओलने स्वतःचं माणूस आणलं होतं. मला वाटलं होतं कुणी टगा येईल. आली ती सत्तरीची, सडसडीत, दोरीने गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेली आयोनी स्ट्रँड. सॅक्रामेंटोच्या एका प्रयोगशाळेत मोजायची, आणि त्याआधी वीस वर्षं शाळांच्या धावण्याच्या शर्यती मोजायची.

लोरेटाने आणि तिने आधी एकमेकींची घड्याळं बघून घेतली.

"पाठ करून चिठ्ठी का?" आयोनीने विचारलं.

"पाठ करून चिठ्ठी."

"किती दशांश?"

"दोन."

"आम्ही तीन चालवून घेतो. पण तुमचंच घर, तुमचंच चालू दे."

हिशेब सगळ्यांना कळला होता, शेंडीवाल्यालाही. आज दहाही कॉम्प्युटरवर रिकामी फेरी करायची आणि मग मोजायचं. ओरिओल पुन्हा सहासष्टच्या आसपास आलं, तर ऑगस्टमध्ये लोरेटाने ती फेरी केली होती. अठ्ठावन्न-साठ असं काही आलं, तर केली नव्हती, हार्बरचे एकतीस 'निम्म्याहून कमी' राहत नव्हते, म्हणजे जाहिरात खोटी होती आणि तिच्याखाली लोरेटाची सही होती.

रिकामी फेरी आयोनीने स्वतः उभं राहून पाहिली. दहा कागद मोजून बाजूला ठेवले. आधी हार्बरचे पाच झाले. एकतीस, तीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. कुणालाच त्याचं काही नव्हतं. हारलन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, बाहेर बघायला काही नसताना.

मग ओरिओलचा पहिला. मी की दाबायला बसलो होतो, घड्याळं त्या दोघींकडे. पत्र उघडलं, नाव भरलं, छापायला दिलं. पडद्यावरचं ते वाट बघायचं चिन्ह गोल गोल फिरत होतं. इतकी वर्षं आम्ही यंत्रांना लवकर कर लवकर कर म्हणत आलो, आणि त्या दिवशी मी त्या यंत्राच्या विनवण्या करत होतो, सावकाश कर रे बाबा, अजून सावकाश, जरा दम खा. पन्नास झाले असावेत. मनातल्या मनात मी मोजत होतो आणि माझं मोजणं घाबरून धावत होतं. साठ. कागद अजून नाही. लोरेटाचा अंगठा बटणावर तसाच, जराही न हलता.

कागद आला. दोघींनी पाठ फिरवली, लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या.

आयोनीची: सहासष्ट पूर्णांक एक. लोरेटाची: सहासष्ट पूर्णांक एक.

हारलनने खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं. शेंडीवाला "येस!" म्हणून ओरडला, तशी आयोनी त्याच्यावर खेकसली, "अजून चार आहेत, गप्प बस." उरलेल्या चारांत पासष्ट, सदुसष्ट, सहासष्ट, सहासष्ट. शेवटच्या दोन्ही चिठ्ठ्या मी दोनदा वाचल्या. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

म्हणजे त्या दिवशी भूकंपानंतर आत येऊन, हातात टॉर्टियाचा तुकडा असेल नसेल, डोकं मुलीच्या काळजीत असेल, पण लोरेटाच्या हातांनी पाचही यंत्रांवर ती फेरी केली होती. तिला पत्ताही नव्हता.

मिस्टर डंकर्ली सज्जन माणूस. हरलेला वकील इतका सभ्य मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी पिशवीतून तो अकरा प्रश्नांचा कागद काढला आणि लोरेटासमोर ठेवला. "मिसेस कुबियाक, आता सातव्याचं उत्तर तुम्ही बदलू शकता. 'हो' लिहा, खाली सही करा, प्रकरण मिटलं."

लोरेटाने चष्मा लावला, वाचलं आणि कागद परत सरकवला.

"मला अजून आठवत नाही."

"पण आत्ता सिद्ध झालं ना!" हारलन खिडकीपासून धावतच आला.

"झालं ना? मग आजच्या आकड्यांवर सही करते. त्या दिवशीचं मला आठवत नाही, ते आठवत नाही."

डंकर्लींनी आयोनीकडे पाहिलं, ही बाई जरा समजावेल या आशेने. आयोनी गळ्यातलं घड्याळ काढून डबीत ठेवत होती. "राहू द्या तसंच," ती म्हणाली. "आजच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या. या बाईंच्या खाली." सही करून तिने लोरेटाला विचारलं, "जेवायला इथे बरं कुठे मिळतं?"

हार्बरची जाहिरात सोमवारी पुन्हा सुरू झाली. ओरिओलने त्यांची हाताची जाहिरात गुपचूप काढून घेतली आणि महिन्याभरात नवीन खोड काढली, त्यात एक बंदर आणि बुडणारी बोट होती. दोन्हीकडच्या मोठ्या लोकांना या मंगळवारचा पत्ता नव्हता. तेव्हापासून रिकामी फेरी आमच्याकडे लिहून ठेवतात. तो रकाना मी आखला.

पण तो दिवस एवढ्यावर संपला नाही. जेवून परत आल्यावर लोरेटाने मला पार्किंगमध्ये बोलावलं. धुकं निवळलं होतं. तिने गाडीची डिकी उघडली. आत पुठ्ठ्याचं मोठं खोकं. त्यात तिचा कप, खुर्चीवरची उशी, स्टॅनचा फोटो, सहा-सात जुनी घड्याळं, टाइपरायटरच्या फिती. मी काही न कळून तिच्याकडे पाहिलं. सकाळभर मी तिच्या टेबलाशेजारी बसलो होतो आणि तिचे खण रिकामे आहेत हे मला दिसलंसुद्धा नव्हतं.

"हे कधी भरलंस?"

"काल, तू गेल्यावर."

"म्हणजे तुला वाटत होतं, की..."

"मला खात्रीच होती रे," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू आलं, आणि मग तिने बाहीने डोळे पुसले. "काय बघतोस? उचल ना. जड आहे ते, माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी खोकं उचललं. ती पुढे झाली आणि तिने माझ्यासाठी प्रयोगशाळेचं दार उघडून धरलं.